‘मॅडम, बरोबर आहे का?’ हा प्रश्न मुलांना परत द्या

प्रश्न एका तरुण सहकाऱ्याचा आहे. ते पदवीच्या पहिल्या-दुसऱ्या वर्षाला गणित शिकवतात. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: मुलं स्वतःहून काही करत नाहीत. गृहपाठ एका वहीतून बाकीच्या सगळ्या वह्यांत उतरतो. वर्गात एकच शंका येते, ‘हे परीक्षेला आहे का?’ नापास झाली की पेपर अवघड होता, नाहीतर ‘शिकवलेलं आलंच नाही’. आपल्या शिकण्याची जबाबदारी आपलीच, हे यांच्या गळी कसं उतरवायचं?

गळी उतरवायच्या भानगडीत पडू नका, हे माझं पहिलं उत्तर. मी अठ्ठावीस वर्षं हेच वर्ग शिकवले आणि त्यातली पहिली सात-आठ वर्षं गळी उतरवण्यातच घालवली. दर वर्षी पहिल्या तासाला माझं ठरलेलं भाषण असे: आता तुम्ही शाळेत नाही, इथे कोणी तुमच्या मागे लागणार नाही, गणित बघून येत नाही, करून येतं. मुलं माना डोलवायची. दुसऱ्या दिवशी मी फळ्यावर उदाहरण सोडवायला घेतलं की तीच मुलं मुकाट्याने उतरवून घ्यायला लागायची. भाषण एक सांगत होतं आणि तास दुसरंच. मुलांनी तासावर विश्वास ठेवला, आणि त्यांचं काही चुकलं नाही.

माझं चुकतंय हे कळलं ते एका कागदामुळे. एक ज्येष्ठ सहकारी माझ्या तासाला मागच्या बाकावर येऊन बसले होते. तास संपल्यावर त्यांनी काही न बोलता एक कागद माझ्या हातात ठेवला. त्यावर दोन ओळींत नुसत्या उभ्या रेघा. वरच्या ओळीला लिहिलं होतं ‘प्रश्न विचारला’, खालच्या ओळीला ‘उत्तराची वाट पाहिली’. वरची ओळ कागदाच्या कडेपर्यंत गेली होती. खालच्या ओळीत तीन रेघा होत्या. मी तर स्वतःला मुलांशी बोलत शिकवणारी शिक्षिका समजत होते! प्रत्यक्षात मी प्रश्न टाकायचे, श्वास घेण्यापुरतं थांबायचे आणि उत्तर स्वतःच देऊन मोकळी व्हायचे. वर्गाला हे पाठ झालं होतं. गप्प बसलं की मॅडम सांगतात.

फ्रान्समध्ये ग्रनोबल इथल्या गणितशिक्षणाच्या अभ्यासकांनी १९८०च्या सुमाराला लहान मुलांना, म्हणजे सात ते नऊ वर्षांच्या, एक गणित घातलं होतं. जहाजावर २६ मेंढ्या आणि १० शेळ्या आहेत, तर कप्तानाचं वय किती? ९७ मुलांपैकी ७६ जणांनी बेरीज-वजाबाकी करून कप्तानाचं वय काढून दिलं. ही मुलं मठ्ठ नव्हती. शिक्षकाने घातलेल्या गणिताला उत्तर असतंच, दिलेले सगळे आकडे वापरायचे असतात, आणि आलेलं उत्तर बरोबर की चूक हे बाई ठरवतात, एवढं ती शाळेत शिकलेली होती. गी ब्रूसो या फ्रेंच गणितशिक्षणतज्ज्ञांनी या अलिखित समजुतीला ‘करार’ म्हटलं. आपल्या वर्गात बसलेली मुलं हाच करार दहा-बारा वर्षं पाळून आलेली असतात. एक भाषण ऐकून ती तो मोडतील, ही अपेक्षाच वेडेपणाची आहे.

करार मोडायचा तर कुठून? माझ्या मते एकाच जागेवरून. पहिल्या आठवड्यात मी फळ्यावर हे वाक्य लिहायचे: ‘या विद्यापीठात प्राध्यापकांच्या सहापट विद्यार्थी आहेत.’ विद्यार्थ्यांच्या संख्येला ‘वि’, प्राध्यापकांच्या संख्येला ‘प्रा’ म्हणा आणि समीकरण लिहा. हा प्रश्न जुना आणि नावाजलेला आहे. जॉन क्लेमेंट या संशोधकांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८१मध्ये अमेरिकेतल्या अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांबद्दल जे प्रसिद्ध केलं, त्यात शंभरातले ३७ चुकले होते, आणि चुकलेल्यांपैकी बहुतेकांनी एकच उलटी गोष्ट लिहिली होती: वि = ६ प्रा याऐवजी ६ वि = प्रा. माझ्याही वर्गात दर वर्षी हेच यायचं, हुशार मुलांकडूनसुद्धा. मी चूक म्हणत नसे, बरोबरही म्हणत नसे. फक्त विचारायचे, ‘प्राध्यापक १० असतील तर विद्यार्थी किती?’ साठ. ‘मग तुमच्याच समीकरणात ६० आणि १० घाला.’ डावीकडे ३६०, उजवीकडे १०.

त्यानंतर वर्गात जी शांतता पसरते, ती मला हवी असते. कारण त्या क्षणी मुलांना चूक मी दाखवलेली नसते, समीकरणानेच दाखवलेली असते. उत्तर बरोबर आहे की नाही हे सांगायला गणितात अधिकारी माणूस लागत नाही. निबंध चांगला की वाईट यावर दोन परीक्षकांचं जमत नाही, पण ३६० आणि १० यांच्यात मतभेद कसला! इतकी मोठी सोय या विषयात असूनही आपण ती मुलांच्या हाती देत नाही. निकाल आपल्या लाल पेनात ठेवतो आणि वर तक्रार करतो की मुलं जबाबदारी घेत नाहीत. मुलांनी काही उचलावं असं वाटत असेल तर आधी आपल्या हातातलं खाली ठेवायला हवं, आणि पहिल्यांदा ठेवायचं ते हे निकाल देण्याचं काम.

एक प्रसंग जवळून सांगते. एक मुलगी वही घेऊन आली. क्ष गुणिले कोसाइन क्ष याचं इंटिग्रेशन तिने बाय पार्ट्स, म्हणजे गुणाकाराच्या इंटिग्रेशनच्या रीतीने, काढलं होतं. तिचं उत्तर: क्ष साइन क्ष वजा कोसाइन क्ष. वही पुढे सरकवून म्हणाली, ‘मॅडम, बरोबर आहे का?’ उत्तर चूक आहे हे मला एका नजरेत दिसलं. पूर्वीची मी असते तर चिन्हावर पेन टेकवलं असतं, ती ‘अय्या हो!’ म्हणून गेली असती, आणि पुढच्या आठवड्यात तसलीच दुसरी चूक घेऊन आली असती. मी म्हटलं, ‘मला न विचारता कसं कळेल?’ ती बराच वेळ माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, ‘मागची उत्तरं बघून?’ मी म्हटलं, ‘मागची पानं फाटलीत असं समज.’

मिनिटभराने तिनेच विचारलं, ‘डेरिव्हेटिव्ह घेऊन बघू?’ इंटिग्रेशनची उलटी क्रिया ती. घेतला. क्ष साइन क्षचा डेरिव्हेटिव्ह: साइन क्ष अधिक क्ष कोसाइन क्ष. वजा कोसाइनचा: अधिक साइन क्ष. म्हणजे हवं होतं नुसतं क्ष कोसाइन क्ष, आणि वर दोन साइन क्ष उरले. ते एकमेकांत उडायला हवे होते. मग तिने उलट्या दिशेने शोध घेतला आणि तिला सापडलं: साइनच्या इंटिग्रेशनमधलं वजा आणि बाय पार्ट्सच्या सूत्रातलं वजा, या दोन वजांचं अधिक व्हायला हवं होतं, तिने एक वजा गिळलं होतं. हे सगळं व्हायला सात-आठ मिनिटं लागली. मी पेन टेकवलं असतं तर दहा सेकंद लागली असती. पण त्यानंतर ती इंटिग्रेशनचं उत्तर तपासून घ्यायला माझ्याकडे कधी आली नाही. आता हिशेब तुम्हीच करा, कुणाचा किती वेळ वाचला.

यातून मी एक नियम केला आणि तो शेवटपर्यंत मोडला नाही: गृहपाठात उत्तराखाली ‘पडताळा’ अशी एक ओळ हवीच. ती नसेल तर मी वही वाचणार नाही. पडताळा कशाचा घ्यायचा, हे मात्र शिकवावं लागतं, कारण शाळेत तो समीकरणांपुरताच माहीत असतो. इंटिग्रेशन असेल तर उलटं डेरिव्हेटिव्ह. डिफरन्शियल इक्वेशन असेल तर उत्तर मूळ समीकरणात घालून बघणं. आयगेन व्हेक्टर (मॅट्रिक्सने गुणलं की जो नुसता काही पट होतो, आणि तो पट म्हणजे आयगेन व्हॅल्यू) काढला असेल तर मॅट्रिक्सने त्याला गुणणं, आणि सगळ्या आयगेन व्हॅल्यूंची बेरीज मॅट्रिक्सच्या कर्णावरच्या बेरजेइतकी येते का ते पाहणं. सर्वसाधारण सूत्र काढलं असेल तर त्यात ० किंवा १ घालणं, जिथे उत्तर आधीच ठाऊक आहे अशी सोपी बाजू गाठणं. बेरजेचा वर्ग म्हणजे वर्गांची बेरीज असं लिहिणारा विद्यार्थी पदवीच्या वर्गातही भेटतो. त्याला सूत्र पुन्हा सांगून काही होत नाही. अच्या जागी १ आणि बच्या जागी २ घालायला सांगा. एकीकडे ९ येतात, दुसरीकडे ५, आणि पुढचं तो स्वतः बघतो.

सिद्धतेचं काय, असं तुम्ही विचाराल. तिथे पडताळा थोडा वेगळा. मी विचारायला लावायचे: प्रमेयात दिलेली प्रत्येक अट सिद्धतेच्या कुठल्या ओळीत वापरली? एखादी अट कुठेच वापरली गेली नसेल, तर एक तर तुम्ही नवं आणि जास्त बळकट प्रमेय शोधलं आहे किंवा कुठेतरी हातचलाखी झाली आहे. दुसरं बहुधा खरं असतं. मग एकेक अट काढून प्रमेय कुठे कोसळतं ते दाखवायचं. रोलचं प्रमेय सांगतं की सलग फंक्शनची दोन्ही टोकांची किंमत सारखी असेल आणि आत सगळीकडे डेरिव्हेटिव्ह असेल, तर मधे कुठेतरी चढ शून्य होतोच. त्यात आतल्या प्रत्येक बिंदूला डेरिव्हेटिव्ह असला पाहिजे ही अट काढा आणि वजा १ ते १ या अंतरात क्षची निरपेक्ष किंमत घ्या. टोकं सारखी, फंक्शन सलग, पण चढ कुठेच शून्य नाही, तळाशी टोकदार कोपरा आहे. आता ती अट ठेवा आणि टोकाशी सलग असण्याची अट काढा: ० पासून १ च्या अलीकडेपर्यंत फंक्शनची किंमत क्षच, आणि नेमकं १ वर एकदम ०. टोकं पुन्हा सारखी, आतमध्ये चढ सगळीकडे १. ही दुसरी गोष्ट एका मुलाने वर्गात स्वतः रचली होती, आणि ती रचताना त्याचा चेहरा परीक्षेत पैकीच्या पैकी मिळाल्यासारखा झाला होता. प्रमेय पाठ करणाऱ्या मुलाला ते दुसऱ्याचं वाटतं. प्रमेय मोडून बघितलेल्या मुलाला ते आपलं वाटायला लागतं.

आता शंका विचारायला येणाऱ्यांबद्दल. ‘मॅडम, हे येत नाही’ असं म्हणून कोरी वही पुढे येते. इथे पाझर फुटू देऊ नका. अर्थात हाकलायचंही नाही. ॲलन शोनफेल्ड या अमेरिकन गणितशिक्षणतज्ज्ञांनी कॉलेजच्या विद्यार्थ्यांना अनोळखी गणितं सोडवताना चित्रित करून बारकाईने पाहिलं. त्यांना पुन्हा पुन्हा दिसलं ते असं: मुलं प्रश्न वाचतात, पटकन एक वाट धरतात, आणि वेळ संपेपर्यंत त्याच वाटेने धावत राहतात. चुकीच्या वाटेवर आहोत का, हे मधे थांबून कोणी बघतच नाही. म्हणून ते आपल्या वर्गात गटागटांतून फिरताना तीनच प्रश्न विचारत: नेमकं काय करतो आहेस? ते का करतो आहेस? त्याने पुढे काय साधेल? सुरुवातीला मुलांना उत्तरं देता येत नाहीत. काही आठवड्यांनी, प्रश्न येणारच आहे म्हणून, ती आधीच उत्तर तयार ठेवतात. आणि त्यानंतर हळूहळू, कोणी विचारणारं नसतानाही, प्रश्न आतून यायला लागतो.

मी हे तीन प्रश्न उचलले आणि आपला एक चौथा जोडला: ‘कुठपर्यंत आलास ते दाखव.’ कोऱ्या वहीवर मी बोलत नसे. निदान व्याख्या लिही, आकृती काढ, एक सोपं उदाहरण करून बघ, चुकलेला प्रयत्न आण, फाटका आण, पण काहीतरी आण. कोरी वही आणि चुकलेलं पान यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. चुकलेल्या पानावर शिकवता येतं.

गृहपाठाच्या नकलेविषयी फार लांबण लावत नाही. आता तर फोनला गणिताचा फोटो दाखवला की पायरीपायरीने उत्तर समोर येतं. बंदी घालून काही होत नाही. गृहपाठाला गुण दिले की मुलं गुण मिळवण्याचा सोपा रस्ता काढणार, त्यांच्या जागी मीही काढला असता. मी उत्तराचे गुण बंद केले. त्याऐवजी आठवड्यातून एकदा तासाच्या सुरुवातीला दहा मिनिटं: गृहपाठातलंच एक गणित, आकडे किंवा अट बदलून. आणि अधूनमधून एखाद्याची वही उघडून एका ओळीवर बोट ठेवायचं: ‘ही ओळ वरच्या ओळीतून कशी आली?’ एका मुलाची वही म्हणजे छापील पुस्तकच होतं, इतकी देखणी. ‘यूनिफॉर्मली’ (म्हणजे सगळ्या बिंदूंना एकसारखं) या शब्दावर बोट ठेवलं तर म्हणाला, ‘तो शब्द लिहायचा असतो.’ मी हसले नाही. त्याला म्हटलं, तो शब्द खोडून सिद्धता वाच आणि कुठे अडतं ते उद्या सांग. दुसऱ्या दिवशी आला नाही, तिसऱ्या दिवशी आला, आणि नेमकी ओळ घेऊन आला. हे सगळं चारचौघांत त्याला लाजवून केलं असतं तर तो कधीच आला नसता, एवढं ध्यानात ठेवा.

आता एक अडचण, जिच्याकडे बहुतेक शिक्षकांचं लक्ष जात नाही. मुलं जबाबदारी घेत नाहीत, त्यातल्या कितीतरी जणांना वाटत असतं की आपण घेतलेलीच आहे. रात्ररात्र जागतात, सोडवलेली उदाहरणं चार-चारदा वाचतात. वाचताना सगळं समजतं. पेपरात काही सुचत नाही. मग ‘माझ्या डोक्यात गणित नाही’ असा निष्कर्ष काढतात. त्यांना कष्ट करा सांगणं म्हणजे जखमेवर मीठ. त्यांना कष्टांची जात बदलायला शिकवावं लागतं.

यासाठी मी एक प्रयोग फळ्यावर मांडून सांगायचे. डग रोरर आणि केली टेलर या अमेरिकन संशोधकांनी २००७ मध्ये तो प्रसिद्ध केला. कॉलेजच्या विद्यार्थ्यांना चार वेगवेगळ्या घनाकृतींचं घनफळ काढायला शिकवलं. एका गटाने एका प्रकारची सगळी गणितं सलग केली, मग दुसऱ्या प्रकारची, असं. दुसऱ्या गटाने तीच गणितं सरमिसळ करून सोडवली. सराव चालू असताना सलगवाल्यांची ८९ टक्के बरोबर आली, सरमिसळवाल्यांची ६० टक्के. एका आठवड्याने चाचणी घेतली, तर सलगवाले २० टक्क्यांवर आणि सरमिसळवाले ६३ टक्क्यांवर. मुलं हे आकडे बघून चमकतात, कारण धडा संपला की त्या धड्याची वीस गणितं ओळीने सोडवायची, हीच त्यांची अभ्यासाची कल्पना असते. त्यात कुठली रीत वापरायची हे ठरवावंच लागत नाही, धड्याच्या नावातच ते लिहिलेलं असतं. परीक्षेत धड्याचं नाव नसतं.

म्हणून मी गृहपाठात नव्या भागाची तीन-चार गणितं आणि मागच्या महिन्यातली पाच-सहा अशी खिचडी द्यायचे. आणि एक सवय लावायचे: उदाहरण वाचून झालं की वही मिटायची, कोऱ्या कागदावर ते पुन्हा उभं करायचं. जिथे अडलं तिथे लाल खूण. त्या खुणा म्हणजे तुझा अभ्यासक्रम, बाकीचं तुला येतंय. कोणता भाग कच्चा आहे हे मुलाला स्वतःला सांगता आलं पाहिजे. ते सांगता येत नसेल, तर ‘जबाबदारी घे’ म्हणजे नेमकं काय घे, हे त्याला कळणार कसं?

चाचणीचे पेपर परत देताना मी गुण लगेच सांगत नसे, त्यावरून रुसवेफुगवे व्हायचे. आधी पेपर, सोबत एक कोरं पान. चुकलेल्या प्रत्येक प्रश्नापुढे लिहायचं: व्याख्या माहीत नव्हती, रीत चुकीची निवडली, आकडेमोडीत घसरलो, की वेळ पुरला नाही. आणि खाली दोन ओळी, पुढच्या चाचणीआधी काय वेगळं करणार. ‘जास्त अभ्यास करीन’ हे उत्तर मी परत करायचे. जास्त म्हणजे काय, कधी, कोणत्या गणितांचा? जे विद्यार्थी चुकलेला प्रश्न नीट सोडवून, चूक का झाली हे स्वतःच्या शब्दांत लिहून आठवड्यात आणतील, त्यांना गेलेल्या गुणांपैकी अर्धे परत. काही सहकाऱ्यांना ही खिरापत वाटायची. मला ती कधी वाटली नाही, कारण चुकलेला पेपर बॅगेत कोंबून विसरून जाणं हीच खरी फुकटची सूट आहे.

‘हे परीक्षेला आहे का?’ याला उत्तर म्हणून मी म्हणायचे, ‘तू परीक्षक असतास तर यावर काय विचारलं असतंस? एक प्रश्न काढून आण, उत्तरासकट.’ चांगला प्रश्न असेल तर मी खरोखरच घ्यायचे. निम्मे लोक परत कधी तो प्रश्न विचारत नाहीत, उरलेले प्रश्न घेऊन येतात. दोन्ही बाजूंनी माझा फायदाच.

जबाबदारी म्हणजे एकट्याने झुंजणं, असा एक समज आपल्यात घट्ट बसला आहे, त्याबद्दल बोलायला हवं. १९७०च्या दशकात कॅलिफोर्नियातल्या बर्कली विद्यापीठात युरी ट्राइसमन हे गणिताचे अभ्यासक कॅलक्युलसमध्ये मागे पडणाऱ्या कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांचा अभ्यास करत होते. प्राध्यापकांनी कारणं तयारच ठेवली होती: जिद्द कमी, पाया कच्चा, घरून पाठबळ नाही. ट्राइसमन मुलांच्या खोल्यांपर्यंत, वाचनालयापर्यंत गेले आणि त्यांना वेगळंच दिसलं. ही मुलं जिद्दीने अभ्यास करत होती, पण एकटी. त्याच वर्गात चांगलं करणारी चिनी वंशाची मुलं आधी आपापलं सोडवून मग एकत्र बसत, एकमेकांची उत्तरं ताडून बघत, आणि एखादं गणित सगळ्यांनाच अडलं की ते खरंच अवघड आहे हे त्यांना कळे. एकट्या मुलाला वाटे, मलाच येत नाही. ट्राइसमन यांनी जे वर्ग सुरू केले त्यांत सोपी उजळणी नव्हती. नेहमीपेक्षा अवघड गणितं दिली आणि ती गटात सोडवायला लावली. त्या मुलांचे निकाल ठळकपणे सुधारले.

म्हणून गट करा, पण ट्राइसमन यांनी पाहिलेला क्रम उलटा करू नका. आधी एकट्याने वीस मिनिटं, मग गट. थेट गटात बसवलं तर एक सोडवतो आणि तीन जण उतरवतात, म्हणजे फळ्याजवळ मी जे करत होते तेच, फक्त छोट्या आकारात. आणि गटातून फळ्यावर कोण जाणार हे मी ऐनवेळी ठरवायचे. त्यामुळे आपल्यातला सगळ्यात कच्चा भिडू तयार करणं ही गटाचीच गरज व्हायची.

हे सगळं सुरू केल्यावर तक्रारी येतील, तयारी ठेवा. एका वर्षी माझ्या वर्गाने लेखी अर्ज केला होता की मॅडम शिकवत नाहीत, आम्हालाच करायला लावतात. माझ्या कामाचं इतकं अचूक वर्णन नंतर कोणी केलं नाही. पण त्या मुलांवर राग धरण्यात अर्थ नव्हता. हार्वर्डमध्ये भौतिकशास्त्राच्या वर्गांवर लुई देलोरिए आणि सहकाऱ्यांनी २०१९मध्ये जे प्रसिद्ध केलं त्यात हेच दिसतं: ज्या मुलांना तासात स्वतः सोडवायला लावलं ती चाचणीत पुढे होती, पण आपण कमी शिकलो असं त्यांना वाटत होतं. ओघवतं व्याख्यान ऐकताना शिकल्यासारखं वाटतं, अडखळत सोडवताना वाटत नाही. हे मुलांना आधीच, पहिल्याच आठवड्यात सांगून ठेवा. आणि पहिली चाचणी लवकर घ्या, दोन-तीन आठवड्यांत, म्हणजे पद्धत चालते की नाही हे तुमच्या शब्दावर न सोडता त्यांच्या पेपरावर दिसेल.

दुसरं टोकही टाळा. टेक्सासमध्ये आर. एल. मूर हे अमेरिकन गणितज्ञ नुसत्या व्याख्या आणि प्रमेयं देत, पुस्तक उघडायला बंदी असे, सिद्धता मुलांनीच शोधायच्या. त्यांच्या हाताखालून नामांकित गणितज्ञ तयार झाले. पण त्या वर्गात कोणाला घ्यायचं हे मूर निवडत असत, आणि कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना तर ते दारातही उभं करत नसत. आपल्या वर्गात कोण येतं हे आपण निवडत नाही. अपूर्णांकांत अडखळणारा मुलगाही तिथेच असतो, अर्धा दिवस नोकरी करून येणारी मुलगीही. ज्याला अपूर्णांक येत नाहीत त्याच्यावर लिमिटची जबाबदारी टाकणं म्हणजे पोहता न येणाऱ्याला विहिरीत ढकलून ‘हात मार’ म्हणणं. अशांसाठी मी सुरुवातीच्या तीन आठवड्यांत पायाभूत गोष्टींची एक पानी यादी आणि तपासणी ठेवायचे. काय येत नाही ते त्याने खूण करून सांगायचं, ते शिकवायची सोय मी करायची. हा भाग माझा.

तुम्ही हजेरी सक्तीची करावी का असंही विचारलं आहे. माझा अनुभव असा की तासात करण्यासारखं काही असेल तर मुलं येतात, आणि नुसतं उतरवायचं असेल तर उद्या कोणाची तरी वही मिळतेच. त्यापलीकडे या प्रश्नात मला फारसा रस नाही.

सगळं एकदम सुरू करू नका, दमाल. या सत्रात पडताळ्याची ओळ आणि कोऱ्या वहीला नकार, एवढंच धरा. आणि एखाद्या सहकाऱ्याला कागद-पेन घेऊन मागच्या बाकावर बसवा, दोन ओळींत रेघा मारायला सांगा. प्रश्न विचारल्यावर मनात दहापर्यंत मोजा. सहा-सातच्या सुमाराला जीव कासावीस होतो, कोणीतरी खोकतं, कोणी खिडकीबाहेर बघतं, आणि आठ-नऊला बहुधा एखादा हात वर येतो. तासानंतर कागद बघा. खालच्या ओळीत तीनपेक्षा जास्त रेघा असतील तर तुमची सुरुवात माझ्यापेक्षा चांगली आहे.